टीटी कशामुळे जेवला

आधीच सांगून ठेवते, मी हे रागाने लिहितेय. गेला महिनाभर आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या भावाने टाकलेली एक गोड गोष्ट फिरतेय आणि तिच्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागलीय. ‘बाबांची कृपा’, ‘डोळे पाणावले’, ‘मुका जीव पण किती ओळखतो’... वगैरे. गोष्ट खोटी नाही, पण त्यातलं एक वाक्य त्याने गाळलंय. ते वाक्य गाळलं की सगळंच गाळल्यासारखं आहे. म्हणून इथे लिहितेय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी यांचे रिपोर्ट काढणं हे माझं काम. भूतबाधा झालेल्यांचे, अंगात येणाऱ्यांचे, नजर लागलेल्यांचे... सगळ्यांचे नमुने माझ्या हाताखालून गेलेत. कोणाचं हिमोग्लोबिन पाच निघतं, कोणाची साखर चारशे. त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आजही ‘विश्वास बसला’ असं मी म्हणणार नाही. मला फक्त रीडिंग मिळालं, त्याचं कारण मिळालं नाही.

आमचं घर रायपूरला भनपुरीत आहे. समोर ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, दिवसभर ट्रक मागे-पुढे होत असतात, आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. बाबा मूळचे अकोल्याकडचे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, इथेच रिटायर झाले, इथेच घर बांधलं. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत, त्यांचा इथे संबंध नाही. धाकटा भाऊ दिनेश, म्हणजे आमचा दिनू, नागपूरला असतो. बायको, मुलगी, सोसायटीतला फ्लॅट. नागपूर ते रायपूर गाडीने पाच तास लागतात, हे लक्षात ठेवा.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि डावं अंग गेलं. त्यानंतर ते सहा वर्षं पलंगावर होते. त्या सहा वर्षांत दिनू किती वेळा आला ते मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर डोकं फिरलं असतं. आला की सफरचंदं आणायचा, बाबांच्या उशाशी बसून फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत. बाकी सगळं माझ्याकडे. लॅबला जाण्याआधी आंघोळ, अंथरूण-पांघरूण, आल्यावर पुन्हा तेच. मी नसताना आमच्याकडे काम करणारी दुलारी बसायची.

टीटी आला तो या मधल्या काळात. समोरच्या गोदामात कुठल्यातरी ट्रकमधून उतरलेलं पिल्लू, तपकिरी, एक कान पडलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फाटकात अडवून हुंगायचा, तिकीट तपासल्यासारखा. म्हणून बाबांनीच नाव ठेवलं टीटी. तो बाबांच्या पलंगाखाली झोपायचा. बाबा जेवायला बसले की पहिला घास उजव्या हाताने खाली धरायचे, टीटी तो खायचा आणि मगच स्वतःच्या वाडग्याकडे जायचा. मी वाडगा भरत होते, पण माझ्या हातून त्याने कधी घास घेतला नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही... म्हणजे, वाटायचं.

यंदा होळीच्या आधी बाबा गेले.

दहाव्याचे विधी महादेव घाटावर, खारून नदीकाठी. बायकांनी यायचं नसतं, असं काकांनी मला आदल्या दिवशी ऐकवलं होतं. मी गेले. अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. झाडावर कावळे भरपूर होते, एकही खाली येईना. तुम्हाला माहीतच असेल, अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय याचा अंदाज घेत जवळची माणसं एकेक शब्द देतात. काकांनी घराचं म्हणून पाहिलं, वर्षश्राद्धाचं म्हणून पाहिलं. कावळे हलेनात. मग मी पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, “बाबा, टीटीले मी पाहीन.”

काहीच झालं नाही. मिनिटं गेली, गुरुजी घड्याळ पाहायला लागले. तेव्हा काका माझ्याकडे न बघता दिनूला म्हणाले, “पोरानं म्हणा लागते. दिनू, तू म्हण.”

दिनूच्या हातात मोबाइल होता, तो त्याने खिशात टाकला आणि म्हणाला, “बाबा, टीटीची काळजी करू नका. मी नेतो त्याले. मी पाहीन.”

त्याचं वाक्य पुरतं संपलंही नसेल. एक कावळा खाली उतरला, पिंडाला चोच मारली आणि मागोमाग चार-पाच आले.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच त्यांना नदीत ढकलावंसं वाटलं. मी मनाला समजावलं... कावळे भुकेले होते, माणसं मागे सरली, योगायोग. पण खरं सांगू? अंगाचा तिळपापड झाला होता. सहा वर्षं ज्या हातांनी सगळं केलं त्या हातांचा शब्द चालत नाही आणि सफरचंदवाल्याचा चालतो.

चौदाव्या दिवशी दिनू नागपूरला गेला. टीटीला न घेता, अर्थातच. सोसायटीत विचारावं लागेल, मुलीची परीक्षा आहे, दोन महिन्यांत नेतो. फाटकात टीटीने त्याला हुंगलं, बाजूला झाला, आणि त्या संध्याकाळपासून त्याने जेवण सोडलं.

तसा तो आधीपासूनच नखरेल. भातात दोडका आला तर दोडका वेचून बाजूला काढणारा. म्हणून पहिले तीन-चार दिवस मी लक्ष दिलं नाही. वाटलं, दुःख आहे, भूक लागली की खाईल. तो वाडग्यापाशी यायचा, हुंगायचा, नाकाने वाडगा भिंतीपर्यंत सरकवायचा आणि फाटकाकडे तोंड करून बसायचा. पाणी प्यायचा. बाकी काही नाही.

मग सुरू झाले माझे उद्योग. दूध-पोळी, दही-भात, उकडलेलं अंडं. आमच्या घरात कधी मटण-चिकन शिजलं नव्हतं. मी दुलारीकडून चिकन आणवलं, नाक दाबून उकडलं, मिठाशिवाय, हळदीशिवाय, जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं तसं. सरकवला वाडगा. कलेजी आणली, सरकवला. परदेशी नाव असलेलं पाकीट आणलं, त्याचे दाणे कोमट पाण्यात भिजवले, त्यावर तूप सोडलं. तेही नाही. वाडगा बदलला, जागा बदलली, हातावर घेऊन भरवून पाहिलं, त्याच्यासमोर जमिनीवर बसून मी स्वतः खाऊन दाखवलं. दुलारीने रात्रीच्या भाताची बासी आणली, पाण्यात भिजवलेला भात, तिच्या घरचं कुत्रं त्याच्यासाठी जीव टाकतं म्हणे. टीटीने तिलाही नाकाने ढकललं. दुलारी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “ये ह ककरो रद्दा देखत हे, दीदी.” कोणाची तरी वाट पाहतोय हा. मी तिला म्हटलं, तू भांडी घास.

जनावरांच्या डॉक्टरकडे तीनदा नेलं. दात, घसा, पोट, सगळं ठीक. त्याचं रक्त मी स्वतः लॅबमध्ये लावलं, दोनदा लावलं, कारण पहिल्यांदा इतके नॉर्मल आकडे आले की मला मशीनवर संशय आला. बावीस किलोचा कुत्रा सोळावर आला. बरगड्या दिसायला लागल्या. सलाइन चढवताना तो टेबलावर मान टाकून पडायचा आणि मी त्याचा पाय धरून उभी असायचे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाही.

मला भीती वाटायला हवी होती, पण यायचा राग. टीटीचाही यायचा. मी दिवसभर उभं राहून येते, तुझ्यासाठी कोंबडी उकडते आणि तू वाट कोणाची बघतोस... त्याची?

मधेच एखाद्या दिवशी तो जेवायचा. अचानक. साधी दूध-पोळी ठेवावी, आणि वाडगा चाटून पुसून स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. त्या तुरळक दिवसांवरच तो जिवंत होता. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जेवलेल्या दिवसांना गोल करायला लागले. काय घातलं होतं, ऊन किती होतं, घरी कोण आलं होतं, सगळं ताडून पाहिलं. काहीही जुळत नव्हतं.

मे महिन्यात वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे दिनूची बायको. रडत होती. दिनू जेवत नाही म्हणाली. रायपूरहून परत आला तेव्हापासून. घास तोंडापर्यंत नेतो आणि ताट पुढे सरकवतो. मळमळ नाही, दुखत नाही, नुसतं जात नाही. एंडोस्कोपी झाली, सगळ्या तपासण्या झाल्या. ताई, तुम्ही लॅबवाल्या आहात, रिपोर्ट पाहता का? तिने पाठवले, मी पाहिले. सगळं नॉर्मल. कपडे लोंबायला लागलेत म्हणाली. मी इतकंच म्हटलं की मनाचं असेल, बाबांचं दुःख असेल. ‘आता आठवलं का दुःख’ हे गिळलं.

मग ती सहज बोलून गेली, “कधी कधी मात्र अचानक खातात हो ताई. परवा चार पोळ्या खाल्ल्या, अन् काल परत काहीच नाही.”

मी फोन कानाला धरूनच कॅलेंडरकडे पाहिलं. परवाच्या तारखेला गोल होता.

लॅबमध्ये आम्हाला एक सवय लागलेली असते. नमुना कोणाचा हे माहीत नसताना रीडिंग घ्यायचं, म्हणजे मन आकड्यात ढवळाढवळ करत नाही. मी तिला माझ्या गोलांबद्दल एक अक्षर बोलले नाही. फक्त विचारलं, असे दिवस कधी कधी आले, आठवतात का? डॉक्टरने सांगितलं म्हणून तिने मोबाइलमध्ये लिहून ठेवले होते. तिने एकेक तारीख वाचली. नऊ तारखा होत्या. कॅलेंडरवर गोलही नऊ होते. तेच नऊ.

एक जुळली असती तर मी हसले असते. तीन जुळल्या असत्या तरी योगायोग म्हटलं असतं. नऊच्या नऊ जुळल्या आणि दहावी कुठे नाही, हे मी आजही कोणाला समजावून सांगू शकत नाही.

मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले. तुम्हाला वाटेल, घाबरले असेन. नाही, इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. कारण शब्द तर मीही दिला होता ना घाटावर? त्याच्या आधी दिला होता. मग मला काहून नाही झालं काही? मी व्यवस्थित जेवत होते, उलट तीन किलोनी वजन वाढलं होतं. म्हणजे मेल्यावरही बाबा दिनूलाच जाऊन बसले. त्रास द्यायलाही मी त्यांना आठवले नाही.

वैशालीला मी सगळं सांगितलं. त्याच रविवारी दुपारी दिनू आला.

फाटकात त्याला पाहून मी एक क्षण ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल. हातात नवा पट्टा आणि साखळी होती. सोसायटीची परवानगी काढलीय म्हणाला, टीटीला घेऊन जातो, आज संध्याकाळच्या गाडीचं पाहतो. मी पाणी दिलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या केल्याच होत्या. त्याचं ताट वाढलं, टीटीच्या वाडग्यात दूध-पोळी कुस्करली. दोघं मागच्या दारापाशी जमिनीवर बसले. दुलारी मोरीपाशी हात थांबवून बघत होती.

मला वाटलं होतं, आता टीटी जेवणार. त्याला जो हवा होता तो आला, बाबांना हवं होतं ते होतंय. दिनूने त्याच्या गळ्यात पट्टा घातला, पाठीवरून हात फिरवला आणि घाटावर म्हटलं होतं तेच पुन्हा म्हटलं, नेतो, पाहीन. टीटीने वाडगा हुंगला आणि नाकाने सरकवला. दिनूने स्वतःचा घास उचलला, तोंडाशी नेला, खाली ठेवला. ताट पुढे ढकललं. अगदी सारखं. एकाने नाकाने, एकाने हाताने.

“पाहिलं ताई?” तो रडवेला होऊन म्हणाला. “आता आणखी काय करू मी?”

तिथे माझा तोल गेला. काय करू विचारतो, आणि तेही मला.

“तू घाटावर तोंड काहून उघडलं?” मी ओरडले. “तुझ्या अगोदर मी म्हटलं होतं न? ऐकलं होतं न तू? तुले माहीत होतं तू नेणार नाही, तरी म्हटलं. काका म्हणाला म्हणून म्हटलं. सहा वर्षं हागमूत मी काढलं, रात्री-बेरात्री मी उठली, अन् शब्द तुझा. आता हे मुकं जनावर मरून राहिलं तुझ्या शब्दापायी. मले नको विचारू काय करू म्हणून. बाबाले सांग खरं काय ते.”

दिनू खाली मान घालून बसला. बाहेर ट्रक मागे घेताना क्लीनर फळी थापटत होता, तो आवाज फक्त येत होता. मग त्याने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, आतल्या खोलीकडे, जिथे बाबांचा पलंग होता.

“बाबा, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “मले काकानं म्हणायले लावलं. टीटीले ताईच पाहून राहिली. तुमाले बी तिनंच पाहिलं. मी नाही पाहिलं.”

हेच ते वाक्य, जे त्याने ग्रुपवर लिहिलेलं नाही.

टीटी उठला. भिंतीपाशी गेलेल्या वाडग्याकडे चालत गेला आणि खायला लागला. घाईने नाही, रोज जेवणारा कुत्रा जेवतो तसा. वाडगा पुसून झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि माझ्या पायावर नाक टेकवून उभा राहिला. मी डब्यातल्या पोळीचा तुकडा खाली धरला. त्याने माझ्या हातून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तोवर मागे दिनूचं ताट रिकामं झालं होतं. “ताई, पोळी हाय का अजून?” त्याने विचारलं. डबा संपला होता. आणि मी... मी पुन्हा कणीक भिजवायला घेतली, गॅस पेटवला आणि त्याला गरम पोळ्या करून वाढल्या. दुलारी तोंडाला पदर लावून बघत होती. मला माझाच इतका संताप आला, काय सांगू.

दिनू एकटाच परत गेला. आता व्यवस्थित जेवतो, वैशाली सांगते. टीटी माझ्याकडेच आहे, बावीस किलोवर आलाय, दोडका अजून वेचून बाजूला काढतो. ग्रुपवर दिनूने लिहिलं, ‘मी रायपूरला गेलो, टीटीच्या पाठीवरून हात फिरवला, बाबांचं स्मरण केलं आणि तो जेवला.’ स्मरण केलं म्हणे. मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा पुसलं. तो आजारातून उठलाय, राहू दे, असं वैशाली म्हणाली. सगळ्यांनी मलाच राहू दे म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

स्पष्टीकरणं मी शोधून पाहिली. शोकात कुत्रे जेवण सोडतात, बरोबर. अपराधीपणाने माणसाची भूक मरते, तेही बरोबर. मनावरचं ओझं बोलून टाकलं की भूक लागते, मान्य. मी ओरडले म्हणून टीटी दचकला असेल, हेही एकाने सुचवलं. पण त्या नऊ तारखा? त्या नऊ दिवसांत दिनूने काय केलं होतं, मी काय केलं होतं, काहीच सारखं सापडलेलं नाही. आणि बाबांना जर हेच ऐकायचं होतं, तर घाटावर माझ्या शब्दाला कावळा का आला नाही, आणि त्याच्या खोट्याला का आला? इथे कोणाला कळत असेल तर सांगा. उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.

दुलारी म्हणते, दीदी, आता राग सोड, तुझ्या बाबांनी शेवटी तुझंच नाव घ्यायला लावलं की. ती बिचारी चांगल्या मनाने म्हणते, पण माझा राग तिथेच तर आहे. माझ्या भावाला अडीच महिने उपाशी ठेवलं, एका मुक्या जनावराला मरणाच्या दारात नेलं, त्या कावळ्यांना खाली उतरवलं... ही एवढी सगळी खटपट कशाला? लकव्याने बाबांचा डावा हात गेला होता, डावा पाय गेला होता. जीभ गेली नव्हती. शेवटच्या सकाळपर्यंत ते स्वच्छ बोलत होते. चहात साखर कमी आहे, हे त्यांनी मला त्या सकाळीही सांगितलं होतं.